एक यायचंय

१

दिवेलागण झाली की पूनमच्या डोक्याला ताप सुरू व्हायचा, आणि तो ताप फाटकाजवळ बाज टाकून बसलेला असायचा.

"लावू नगा फाटक," आण्णा म्हणायचे. "एक यायचंय अजून."

आण्णा म्हणजे तिचे सासरे. वय झालेलं, पण माणूस काटक. औषधाची एक गोळी नाही, चष्मा नाही. गेल्या पावसाळ्यापासून फक्त हे एक खूळ.

निमोण्याच्या शिवारातली ही वस्ती. तीन बाजूंनी ऊस आणि पुढून कच्चा रस्ता. बिबट्याचा सुळसुळाट झाल्यापासून पूनमच्या नवऱ्याने, बिरदेवने, घराभोवती डोक्याहून उंच जाळी ठोकून घेतली होती आणि पुढे जाळीचंच फाटक बसवलं होतं. अंधार पडायच्या आत माणसं आत, जनावरं आत, फाटक बंद, हा आता त्या भागातल्या वस्त्या-वस्त्यांवरचा शिरस्ता. आणि नेमका त्याच वेळेला म्हातारा फाटकात पाय घालून बसणार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"कोण यायचंय आण्णा?" स्कूटी लावता लावता पूनम विचारायची. शिरूरला मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आलेले असायचे. "हे आले कंपनीतनं. मी आले. स्वराज आतमधी हाय, प्रगती टीव्हीपुढं बसलीया. तुम्ही हितं. मग ऱ्हायलं कोण?"

आण्णा घराकडे एकदा सावकाश नजर फिरवायचे. ओटा, दार, खिडकी, गोठा.

"नाव न्हाई सांगता येत," ते म्हणायचे. "जागा मोकळी दिसतीया."

ही नजर त्यांची जुनी होती. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. बिरदेव लहान असताना त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, दर साली कोकणात उतरायचा, आणि संध्याकाळी मेंढरं वाघरात, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, शिरताना आण्णा नुसते तोंडाशी उभे राहायचे. मोजणं माहीतच नाही. "मेंढरं मोजायची नसत्यात, बघायची असत्यात," असं म्हणायचे. एवढ्या पाठी हलत-डुलत आत जायच्या आणि हा माणूस फक्त म्हणायचा, एक ऱ्हायलंय. मग कंदील घेऊन निघायचं. आणि दर वेळेला एक राहिलेलंच असायचं, ओढ्यात अडकलेलं नाहीतर करवंदीच्या जाळीत. बिरदेव हे कौतुकाने सांगायचा, पूनमनेही लग्नानंतर कौतुकानेच ऐकलं होतं. पण मेंढरं विकून कैक वर्षं झाली. आता घरात माणसं पाच, आणि पाच माणसांना कंदील कशाला लागतो?

एकदा तिने वारलेल्या सासूबाईंचा विषय जपूनच काढला, "आत्यांची वाट बघताय का?"

"कुशाची?" आण्णा चिडले. "कुशाला माझ्या हातांनी पोचवून आलो मी. खुळा वाटलो का तुला? मेल्याली मानसं मी कवाच धरत न्हाई. जितं यायचंय."

२

मेडिकलच्या शेजारीच गौतमी मॅडमचा दवाखाना होता. वयाने पूनमएवढ्याच, बोलायला मोकळ्या. दुपारी पेशंट पांगले की चहाला बोलवायच्या. पूनमने त्यांच्यापुढे सगळं रडगाणं गायलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही काउंटरवर चिठ्ठी एकदाच वाचता ना पूनमताई? मग पाच-सहा औषधं घेऊनच कपाटापासून परत येता. मी पाहिलंय."

पूनमला बरं वाटलं. याबाबतीत तिला थोडा गर्व होता, आणि तो रास्तच होता. मालक स्वतः चिठ्ठी तीन-तीनदा बघायचा.

"कपाटापर्यंत जाताना ती नावं जिथं राहतात, ती मेंदूची ओंजळ समजा," मॅडम म्हणाल्या. "ओंजळ सगळ्यांचीच लहान. नवं आलं की जुनं सांडतं. सांडलं हे कळतसुद्धा नाही. तुम्ही आतल्या खोलीत जाता आणि तिथं जाऊन, 'मी कशाला आले होते?' असं होतं की नाही?"

"रोजच होतं."

"म्हातारपणी ओंजळ आणखी गळते. आणि वेळेचं तसंच. मेंदूत काही भिंतीवरचं घड्याळ नसतं. जेवढं ध्यानात राहिलं, त्याच्यावरून तो अंदाज लावतो की एवढा वेळ गेला. मधलं सांडलं, तर तेवढा वेळ गेलाच नाही असं वाटतं. तुमचे आण्णा संध्याकाळी बाजेवर बसतात तेव्हा त्यांच्या मनात कुठलीतरी जुनी संध्याकाळ चालू असते. त्या संध्याकाळचं मेंढरू यायचं असतं."

किती सोपं होतं! पूनमला वाटलं, हे आपल्यालाच सुचायला हवं होतं.

"मग काय करू मी?"

"वाद घालू नका. आलं म्हणा. त्यांचं समाधान झालं की विषय संपला."

३

तरी पूनमने आठवडाभर ते केलं नाही. थोरल्या माणसाला तोंडावर खोटं सांगायचं म्हणजे जीभ रेटत नव्हती.

मग एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ओरडून सांगू लागले, पलीकडच्या वस्तीवर बिबट्याने कालवड ओढून नेलीय, लहान मुलांना अंगणात सोडू नका. पूनम घरी आली तर फाटक सताड उघडं. आण्णा फाटकात उभे, तोंड रस्त्याकडे. आणि सात वर्षांची प्रगती अंगणात एकटी, उसाकडे पाठ करून ठिक्करपाणी खेळतेय.

पूनमचं डोकंच सणकलं. तिने पोरीला बखोटीला धरून आत ढकललं, कारण नसताना एक धपाटाही घातला आणि परत येऊन फाटकाला हात लावला. आण्णांनी पाय मधे घातला.

"एक..."

"आलं!" ती ओरडली. "आलं आण्णा, आलं ते! तुमचा डोळा लागला व्हता तवा आलं. आत हाय. जेवतंय. आता तरी पाय काढा!"

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. घराकडे नव्हे, तिच्याकडे.

"तू बघितलंस?"

"व्हय."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी."

त्यांनी पाय काढून घेतला. फाटक लागलं. बाजेवर बसताना ते हळूच म्हणाले, "न आल्याल्याला आलं म्हनू नये पोरी. मग त्याला हुडकायला कुनी जात न्हाई."

पूनमला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला सुटल्यासारखं वाटलं. आज भाजी वेळेवर फोडणीला पडणार होती.

४

चार दिवस सुखाचे गेले. आण्णा गप्प झाले, इतके गप्प की बिरदेवने "तब्येत बरी हाय ना?" म्हणून विचारलं. रात्री उठून कधी फाटक उघडून बसतील याचा नेम नाही म्हणून त्याने एक कुलूपही आणलं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला.

आणि मग भाकऱ्या करपायला लागल्या.

भाकरी पूनमच्या हातची कधी करपत नसे. तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, तेवढ्यात पुढचा गोळा हातात. कुणाला किती हा हिशेब तिच्या मनात आपोआप चालायचा. आण्णांना पातळ, ह्यांना दोन, स्वराजला दोन, प्रगतीला अर्धी, मला एक. त्या दिवशीही तिने भाकरी टाकली, मनात नावं घेतली, आणि नाकात जळका वास गेला. भाकरी कोळसा झालेली. परातीतल्या गोळ्यावर कोरडी पापडी धरलेली.

आत्ताच तर टाकली होती!

दुसरी टाकली. आण्णा, हे, स्वराज, प्रगती, मी. धूर.

पाच नावं मनात घ्यायला कितीसा वेळ लागतो? चिमूटभर. भाकरी करपायला त्याच्या कितीतरी पट लागतो. तिसऱ्या वेळेला तिने कुकर चढवला, पहिली शिट्टी झाली तशी नावं सुरू केली आणि कान शिट्टीकडे ठेवला. आण्णा. हे. स्वराज. प्रगती. मी. पुढची शिट्टी एकही ऐकू आली नाही, आणि बाहेरून बिरदेव ओरडत आला, "अगं, डाळीचा लगदा करतीस का? किती शिट्ट्या काढतीस!"

गौतमी मॅडमचं बोलणं तिला आठवलं. मधलं सांडलं तर तेवढा वेळ गेलाच नाही असं वाटतं. पण मधे काही आहेच कुठे? पाच माणसं, पाच नावं. पाचात मधे काय सांडणार?

थकवा असेल, तिने ठरवलं. मेडिकलमध्ये मात्र सगळं ठीक होतं. सहा औषधं सांगा, सहा घेऊन यायची. वैताग त्याचाच होता. बिघाड असेल तर सगळीकडे असावा ना! ही कसली ओंजळ, जी फक्त घरच्यांच्या नावांनाच गळते?

त्याच आठवड्यात दौंड तालुक्यातून, राहूहून, तिच्या आईने, मालनबाईंनी, शेजाऱ्याच्या गाडीत गाठोडं पाठवलं. त्यांचा हात गोधडीवर फार चांगला. थंडीच्या आधी नातवंडांना गोधड्या यायच्याच. पूनमने गाठोडं सोडलं. स्वराजची निळी, प्रगतीची पिवळी. खाली आणखी एक. लुगड्याच्या हिरव्या काठाची, स्वराजच्या गोधडीपेक्षा लहान आणि प्रगतीच्या गोधडीपेक्षा मोठी.

तिने फोन लावला. "आये, तीन कशा गं धाडल्या?"

"तीनच व्हत्या की," आई म्हणाली. "पोरं तीन, गोधड्या तीन."

 फोनमध्ये मागे राहूच्या गुऱ्हाळाचं इंजिन धडधडत होतं.

"काय म्हनलीस?" पूनमने विचारलं.

"मी कुटं काय म्हनले? कापड उरलं आसंल, म्हनून शिवली जादा. पावण्यारावळ्यांना व्हईल." आईचा आवाज अगदी नेहमीचा होता. मग जरा थांबून ती म्हणाली, "इंजिन कवा बंद झालं गं? आत्ता तर चालू व्हतं."

पूनमनेही कान दिला. फोनमध्ये आता नुसती शांतता होती.

५

बिरदेवला सांगितलं तर तो हसला. हसायचंच, कारण ऐकायला ते वेड्याचं बोलणं होतं.

"तुलाबी आण्णांचा रोग लागला वाटतं. पाच मानसं मोजता येत न्हाईत व्हय?"

"तुम्ही मोजा," ती म्हणाली. "मोठ्यानं न्हाई, मनात. चहा हातात धरून."

तो बाजेवर बसला, डोळे मिटले, उघडले. "झालं. पाच." आणि कप तोंडाला लावला. चहावर जाड साय आलेली होती. त्याने तोंड वाकडं केलं. "थंडगार चहा देतीस का मानसाला?"

"मी उकळता दिला होता."

"काय बी बोलू नगंस."

"अहो, वाफा येत होत्या! मी हितं उभी हाय, बघतीया तुमच्याकडं."

"मग बघत काय बसलीस, कामं न्हाईत का?" तो एकदम भडकला, कप ओट्यावर आदळून उठला आणि गोठ्याकडे गेला. जाताना तो आपल्या हाताच्या बोटांकडे बघत होता. रागाने गेला की घाबरून, हे पूनमला ठरवता आलं नाही. तिला स्वतःचाच इतका राग येत होता की रडू फुटायचं बाकी होतं. जिभेच्या टोकावर शब्द येऊन अडावा आणि तो दिवसचे दिवस तिथेच राहावा, तसं तिला होत होतं. फक्त हा शब्द नव्हता. हे काय होतं तेही माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी तिने स्वराजला हाक मारली. तो सातवीत होता, दिवसभर तिच्या फोनवर कसले ना कसले व्हिडिओ काढत बसायचा. "माझा एक काढ. मी घरच्यांची नावं घेणार हाय. मी बस म्हनेपर्यंत थांबवायचा न्हाईस."

"हे कसलं रील, मम्मी?"

"काढ म्हनते ना!"

ती ओट्यावर बसली. प्रगती तिच्या मांडीवर बसली. आण्णा फाटकाजवळ बाजेवर पाठ करून होते. पूनमने मोठ्याने नावं घेतली. "आण्णा. बिरदेव. स्वराज. प्रगती. पूनम. बस."

स्वराजने हात झटकले. "हात दुखला माझा. केवढं बोलत होतीस."

तिने फोन हातात घेतला.

फोनमधली पूनम ओट्यावर बसली होती. म्हणाली, आण्णा. म्हणाली, बिरदेव. म्हणाली, स्वराज. आणि थांबली नाही. बोलतच राहिली. तिचा चेहरा मऊ झाला, रात्री पोरांच्या अंगावर पांघरूण घालताना होतो तसा. ओठ हलत होते. आवाज स्वच्छ येत होता. पूनमने तो ऐकला. अक्षर न् अक्षर ऐकलं आणि तिच्या छातीत काहीतरी इतक्या जोराने उचंबळून आलं की तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मग फोनमधली पूनम म्हणाली, प्रगती. पूनम. बस.

आणि तिच्या हाती काही उरलं नाही. ओल्या हातावरून साबण सटकावा तसं गेलं. गालावर मात्र पाणी होतं, आणि ते का आलं हे तिला सांगता येईना.

तिने परत लावला. परत. एकदा फोनमधल्या आवाजाबरोबर स्वतः म्हणून पाहिलं.

"म्हणालीस की," स्वराज म्हणाला.

"काय म्हणाले? सांग, काय म्हणाले मी?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. "माझा कंपास कुठंय?" म्हणाला, आणि तो शोधायला आत निघून गेला.

प्रगती तेवढी हलली नव्हती. ती फोनकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "मम्मी, तिला शाळेतनं आणलंच न्हाई ना आपण?"

"कुणाला?"

प्रगती मांडीवरून उतरून खेळायला गेली.

६

त्या संध्याकाळी पूनम सरळ फाटकाशी गेली. कुलूप लागलेलं होतं. आण्णा जाळीला टेकून उभे होते.

"आण्णा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडण्याचा होता की भांडणाचा, देव जाणे. "मी खोटं बोलले व्हते. आलं न्हाई. कोन ते मला ठाव न्हाई. मला धरून ठेवता येत न्हाई हो! येतं न् जातं, येतं न् जातं. काय करू मी?"

आण्णा तिच्यावर रागावले नाहीत. "हाक मार," एवढंच म्हणाले.

"नाव ठाव नसल्यावर काय हाक मारू?"

तिच्या हातात फोन होता. आणि तिला वाटलं, मला कशाला धरायला पाहिजे? ह्याच्यात धरून ठेवलंय की!

तिने आवाज पूर्ण वाढवला, फोन जाळीला लावला आणि व्हिडिओ सुरू केला. तिचाच आवाज कच्च्या रस्त्यावरून उसाकडे गेला. आण्णा. बिरदेव. स्वराज. मग ते दुसरं, ते मोठं, ते मऊ. पूनमने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

उसाच्या कडेने पाचट वाजलं.

"आले गं मम्मीऽ!"

पूनम इतकी दचकली की फोन हातातून खाली पडला. वाकून उचलला, ओढणीने पुसला, काच फुटली नाही ना म्हणून उलटसुलट करून पाहिला. मान वर केली तर जाळीच्या पलीकडे एक मुलगी उभी होती.

उजेड थोडाच उरला होता. चेहरा नीट दिसेना. शाळेचा स्कर्ट मातीने भरलेला, पाय उघडे. दोन वेण्या, वर दुमडून कानाच्या मागे लाल रिबीन बांधलेली. कुणीतरी मनापासून घातलेल्या वेण्या होत्या. पूनमच्या मनात आलं, हिची आई हौशी दिसतेय. जिवाला घोर लागला असेल तिच्या.

"कुणाची गं तू बाळा?" पूनमने प्रेमाने विचारलं. "रस्ता चुकलीस का?"

मुलीने जाळीत बोटं अडकवली. शेजारी आण्णांच्या घशातून कसलासा आवाज आला. त्यांनी वाकून ती बोटं आपल्या मुठीत घेतली आणि उजवा हात कसाबसा जाळीतून पलीकडे घालून तिच्या डोक्यावर ठेवला.

"अशी बाहेर उभी ऱ्हाऊ नगंस," पूनम म्हणाली. "बिबट्या फिरतोय हिकडं. थांब हां, किल्ली आणते. हलू नगंस हितनं."

"लवकर ये," मुलगी म्हणाली.

पूनम पळतच निघाली. ओटा चढली, बाहेरची खोली ओलांडली, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

आणि उभी राहिली.

कशाला आले होते मी?

तिने ओट्यावर पाहिलं, फळीवर पाहिलं. मीठ? पाणी? खिळ्याला किल्ली लटकत होती, गाळणी लटकत होती, सांडशी होती. काही आठवेना. हे आता रोजचंच झालं होतं. कपाळाला आठी घालून तिने गॅस पेटवला, परात ओढली आणि पीठ घेतलं. एवढा उशीर झाला आणि अजून भाकरीचा पत्ता नाही.

"पूनमऽ!" बाहेरून आण्णा ओरडत होते. "किल्ली आन! पूनमऽ, किल्ली!"

झालं! चार दिवस बरे गेले, परत तेच. या अंधारात, बिबट्याच्या वेळेला, ह्यांना फाटक उघडायचंय. पूनमला एवढा संताप आला की पिठात पाणी जास्त पडलं.

"अहो!" तिने बिरदेवला हाक मारली. "आण्णांना आत घ्या आधी. मला न्हाई आता सोसत."

बिरदेव गेला. बाहेर बराच वेळ ओढाताण चालली होती. फाटकाची जाळी खडखड वाजत होती, थांबत होती, परत वाजत होती. मग बिरदेव म्हाताऱ्याला जवळजवळ उचलूनच आत घेऊन आला. म्हाताऱ्याच्या मनगटावर तारेचे ओरखडे होते, आणि ते आता ओरडत नव्हते.

"काय व्हतं?" पूनमने विचारलं.

"काय न्हाई. रस्त्याकडं बघत व्हते." बिरदेव क्षणभर दारात घुटमळला, मागे वळून पाहिलं, आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

तिने ताटं घेतली. पोरं आली. आज भाकरी एकही करपली नव्हती. नावं झरझर झाली, पाच माणसांची पाच, मधे काही नाही. डोक्यावरचा भार कुणी उतरवून ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं. बाहेर जाळी अजून वाजत होती. वारा सुटला असेल.

आण्णा ताटाला हात लावेनात. उजवी मूठ छातीशी धरून नुसते बसले होते.

"हात धुवा आण्णा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

"असं काय करताय पोरासारखं? मातीत हात घालून आलाय. आणा हिकडं."

ते मूठ सोडेनात. तिने त्यांचं मनगट धरलं, एकेक बोट उलगडून मूठ सोडवली. तळव्याला खोबरेल तेलाचा वास येत होता, त्यांच्याच घरातल्या, कापूर घातलेल्या तेलाचा. कुठे हात घालतात कोण जाणे, ती मनात म्हणाली. मग तिने साबण घेतला आणि वास जाईपर्यंत तो हात घासून घासून धुतला.